प्राँगहॉर्नचे फोटो: गाडीतून उतरू नका

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न (हरणासारखा दिसणारा प्राणी) तुम्हाला फार दुरून हेरतो. त्यामुळे दबकत जवळ जाण्यात अर्थ नाही. त्याला गाडीपेक्षा चालत्या माणसाची भीती जास्त वाटते. म्हणून गाडी रस्त्याकडेला सुरक्षित जागी लावा, इंजिन बंद करा (नाहीतर थरथर फोटोत उतरते), काच खाली करून तिथे ठेवलेल्या बीनबॅगवर (कॅमेऱ्याला आधार देणारी छोटी भरलेली पिशवी) ५०० किंवा ६०० मिमी लेन्स टेकवा आणि कळप चरत जवळ येण्याची वाट पाहा.

उभ्या जनावराला शटर १/८०० सेकंद, पळत्याला किमान १/२००० सेकंद. पोट आणि पुठ्ठ्यावरचे पांढरे केस उन्हात फोटोत पटकन जळतात (तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो), तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) २/३ स्टॉप कमी ठेवून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. सकाळी ऊन चढलं की जमिनीलगतची हवा हलू लागते आणि लांबचे फोटो धूसर येतात. तो दोष लेन्सचा नसतो. अंतर कमी असेल तरच काढा.

पुठ्ठ्यावरचे पांढरे केस पिसारल्यासारखे फुलले, तर तो घाबरला आहे. तिथेच थांबा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २३ मीटरच्या आत जायला मनाई आहेच, पण मे अखेर ते जूनमध्ये, गवतात पाडसं दडलेली असताना, त्याहून बरंच लांब राहा. नरांची झुंज हवी असेल तर सप्टेंबर गाठा.