सैनिकाच्या युद्धकाळातील चिकटवहीचा अभ्यास कसा करावा

लंडनचे इम्पिरियल वॉर म्युझियम आणि चेल्सी येथील नॅशनल आर्मी म्युझियम यांच्या संग्रहांत सैनिकांचे खासगी कागद जपलेले असतात आणि त्यांत पत्रे-रोजनिश्यांबरोबर चिकटवह्याही असतात. चिकटवही बहुधा युद्ध संपल्यावर, सवडीने आणि आठवणीने लावलेली असते. म्हणून तीत चिकटवलेला कागद आणि त्याखाली लिहिलेली ओळ हे दोन स्वतंत्र पुरावे मानावेत, आणि त्यांत विसंगती दिसली तर आधी कागदावर विश्वास ठेवावा. पुढील पद्धत इटलीतील १९४३ ते १९४५ च्या मोहिमेच्या उदाहरणाने मांडली आहे, कारण तेथे ४ थी, ८ वी आणि १० वी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या.

सर्वप्रथम घरबसल्या संग्रहाची ऑनलाइन सूची पाहावी, वहीचा संदर्भ क्रमांक टिपून घ्यावा आणि वाचनकक्षात आगाऊ नोंदणी करावी. मराठा पलटणी शोधताना जुने इंग्रजी स्पेलिंगही वापरून पाहावे. त्यात (Mahratta) ‘एच’ हे अक्षर ‘आर’च्या आधी येते आणि आजच्यापेक्षा (Maratha) एक ‘टी’ जास्त असतो. ‘३/५’ असे लिहिलेले आढळल्यास पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण असे समजावे.

वाचनकक्षात केवळ पेन्सिल वापरावी, हात स्वच्छ व कोरडे ठेवावेत आणि वही उशीवर टेकवून उघडावी. सुटू पाहणारा कागद मोहापायी कधीही ओढू नये. तो पाहण्यासाठी कर्मचाऱ्यांची मदत घ्यावी. छायाचित्रणाची परवानगी असेल तर आधी संपूर्ण पान आणि मगच त्यावरील एकेक वस्तू टिपावी, कारण कोणता कागद कशाशेजारी लावला होता हीसुद्धा माहितीच असते.

यानंतर खरे काम सुरू होते. सेन्सॉरमुळे सैनिकाला पत्रात ठिकाणाचे नाव लिहिता येत नसे, त्यामुळे पाकिटावरील फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि शिक्क्यावरील तारीख यांना फार मोल येते. वर्तमानपत्राच्या कात्रणावर तारीख नसेल आणि कडा सुटी असेल, तर मागची बाजू वाचावी. तेथील अर्धवट जाहिरात किंवा खेळाचा निकाल कात्रणाचा काळ ठरवून देतो. छायाचित्रात बाहीवरील डिव्हिजनचे चिन्ह पाहावे: तांबडा गरुड असेल तर ४ थी, क्लोव्हर या रोपाचे चिन्ह असेल तर ८ वी.

समजा, क्लोव्हर लावलेल्या जवानांच्या छायाचित्राखाली ‘कॅसिनो, फेब्रुवारी १९४४’ असे लिहिले आहे. त्या महिन्यात इटलीतील कॅसिनो या गावापाशी लढत होती ती ४ थी डिव्हिजन; ८ वी तेव्हा एड्रियाटिक किनाऱ्याच्या बाजूला होती आणि कॅसिनोजवळ गारी नदी तिने ओलांडली ती मे महिन्यात. मग ओळीतील महिना चुकला असेल, किंवा छायाचित्र दुसऱ्याच जागेचे असेल. मालक खोटे बोलत होता, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. वीस वर्षांनी ओळ लिहिणाऱ्याचा महिना सहज चुकतो.

हा पेच सोडवण्यासाठी पलटणीची युद्धदैनंदिनी, म्हणजे पलटणीने रोज ठेवलेली अधिकृत नोंदवही, उघडावी. इटलीतील १९४४-४५ च्या दैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात. पदकांच्या शिफारशी तेथील ‘डब्ल्यूओ ३७३’ या मालिकेत आहेत. दैनंदिनीत साध्या जवानाचे नाव सहसा येत नाही, पण पलटण कोणत्या दिवशी कोठे होती हे कळते. १/५ मराठाची चिकटवही ९ एप्रिल १९४५ च्या आसपास सेनिओ नदीविषयी काही सांगत असेल, तर नामदेव जाधव यांना ज्या लढाईतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच दिवसाच्या नोंदीशी ती ताडून पाहता येते. वीरगती प्राप्त झालेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत शोधावीत. मराठा सैनिकाच्या वारसांनी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरकडेही लेखी चौकशी करावी.

मजकूर रोमन लिपीत असूनही इंग्रजी वाटत नसेल, तर मोठ्याने वाचून पाहावा. तेव्हाच्या भारतीय सैन्यात रोमन उर्दू सर्रास चालत असे.

छापण्याआधी हक्कांची खात्री करून घ्यावी. ब्रिटिश कायद्यानुसार जुन्या अप्रकाशित खासगी लेखनावर, लेखक हयात नसला तरी, अनेकदा २०३९ च्या अखेरपर्यंत स्वामित्वहक्क असतो, आणि वही संग्रहालयाच्या ताब्यात असली म्हणजे तो हक्कही संग्रहालयाकडे आला असे होत नाही. छायाचित्र काढणारा आणि वही लावणारा वेगळे असतील, तर दोघांचे हक्क वेगवेगळे तपासावे लागतात.