आगळाची बाटली विमानाच्या बॅगेत कशी भरावी

माझी लेक डब्लिनला असते. मे महिन्यात कुडाळला येते आणि परत जाताना तिच्या बॅगेतून दोन लिटर आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, आणि लिटरभर अमृत कोकम, म्हणजे कोकमाचा साखरेतला पाक, जातं. भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या पिशवीत शंभर मिलीपेक्षा मोठी बाटली सरबताची असो की पाण्याची, नेऊ देत नाहीत. म्हणून हे सगळं मोठ्या बॅगेतच जातं, आणि ती बॅग मी भरते.

पहिल्या वर्षी मी पाण्याची रिकामी बाटली घेतली, पाऊण भरली, झाकण घट्ट पिळलं, वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरीबॅगेत घातली. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, बाटली फुटली नाहीये गं, झाकण पण आहे तसंच आहे. पण निम्मं आगळ बाहेर आलंय." माझ्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी त्याच बॅगेत होती. तो लाल डाग आजही तिच्यावर आहे. त्या गोधडीचं मला फार वाईट वाटलं, आणि बाटली अख्खी असताना आगळ बाहेर आलंच कसं, हे समजून घ्यायचं मी ठरवलं.

महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट फुगतं, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. विमानात तेच होतं. प्रवासी विमानात वरचा केबिनचा भाग आणि खालचा सामानाचा भाग, दोन्हीकडे हवेचा दाब सारखाच ठेवतात, पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे बॅग कळसूबाईच्याही वर जाऊन येते. बाटलीत वर राहिलेली हवा तिथे चौथाई ते तिसऱ्या हिश्शाने फुगते. बाटली आडवी किंवा उलटी असेल तर ती फुगलेली हवा आगळालाच झाकणाच्या फटीतून बाहेर ढकलते. माझी बाटली पाव रिकामी होती, म्हणजे पाव लिटर हवा मीच आत भरून दिली होती.

म्हणून सगळी काळजी तोंडाची घ्यायची. बाटली फुटण्याची भीती त्यानंतरची.

बाटली जाड प्लॅस्टिकची, खाण्याचे पदार्थ ठेवायची आणि आत वेगळं बूच असलेली घ्या. आमच्याकडे सरबतं करणारे लोक अशाच बाटल्या वापरतात, त्यांच्याकडून मिळतात. पाण्याची पातळ बाटली नको, तिचं झाकण एकदा उघडलं की पूर्वीसारखं बसत नाही. ॲल्युमिनियमची किंवा पितळेची तर अजिबात नको, आगळ आंबट आणि खारट, धातू खातं. लिटरची एक घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या दोन घ्या. एक गळली तरी दुसरी राहते. कारखान्यातून सीलबंद आलेली बाटली मिळत असेल तर ती सगळ्यात चांगली, कारण तिच्यावर नाव, तारीख, काय घातलंय ते सगळं छापलेलं असतं आणि विमानतळावर प्रश्न कमी येतात. माझं आगळ घरच्या रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं असतं, म्हणून मला पुढचा खटाटोप करावा लागतो.

भरताना बाटली गळ्यापर्यंत भरायची, वर बोटभरच जागा ठेवायची. बाटली दाबली जाण्याइतकी मऊ असेल तर झाकण लावायच्या आधी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायची. आगळ तोंडापर्यंत चढून येतं, त्याच क्षणी बूच लावायचं. बाटली जराशी पोचलेली दिसते. दिसू द्या. वर गेल्यावर हवा फुगली की ती त्या पोच्यात मावते, झाकणावर येत नाही. काचेची बाटली दाबता येत नाही, तिच्यात नुसती बोटभर जागा पुरे.

आता तोंड. आधी बाटलीचा काठ आणि आटे कोरड्या फडक्याने पुसा. आट्यांत आगळाचा थेंब राहिला तर झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण नीट बसलेलं नसतं. बूच बसवलं की त्यावर डबे झाकायच्या पातळ प्लॅस्टिकची चौपदरी घडी ठेवते आणि त्यावरून झाकण पिळते. मग इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी टेप. ती ताणली जाते, म्हणून अंगाला चिकटून बसते, सेलोटेप सुटते. टेप झाकण ज्या दिशेने घट्ट होतं त्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर ताण झाकण सैल करायला बघतो. हे मी दुसऱ्या वर्षी शिकले.

यानंतर एक रात्र जाऊ द्या. हा भाग सगळे गाळतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. पातेल्यात वर्तमानपत्राचा कोरा कडेचा भाग फाडून पसरते आणि त्यावर बाटल्या पालथ्या उभ्या करते, भिंतीला टेकवून. सकाळी बाटली उचलली की खाली कागद बघायचा. कोकमाचा एक थेंब जरी पाझरला तरी कागदावर रुपयाएवढा गुलाबी डाग उमटतो, कडेला जास्त गडद. डाग दिसला की ती बाटली बाद. टेप वाढवून चालवून घेऊ नका, आगळ दुसऱ्या बाटलीत ओता. ही परीक्षा निघायच्या आदल्या रात्री घेऊ नका, दोन दिवस आधी घ्या. आमच्याकडून कोकणकन्या एक्सप्रेसने रात्रभर हादरे खात आधी मुंबईला जायचं असतं, त्यामुळे बॅग विमानात चढण्याआधीच एक प्रवास झालेला असतो.

पास झालेली प्रत्येक बाटली वेगळ्या जाड झिप पिशवीत घाला. पिशवीतली हवा हाताने काढून टाका, नाहीतर तीही वर फुगते. तोंडाभोवती लहान बाळाचं एक डायपर गुंडाळलं की थोडंफार गळलं तरी ते तिथेच शोषलं जातं. मग दुसरी पिशवी. त्यावर जुनी सुती साडी. नायलॉनची नको, घसरते. काचेची बाटली असेल तर साडीत गुंडाळून कडीच्या स्टीलच्या डब्यात उभी घालते आणि उरलेल्या जागेत मोजे कोंबते. डबा हलवला तर आत काही वाजता कामा नये. दोन काचेच्या बाटल्या एकमेकींना कधीच लावू नका, बाहेरच्या माराने नाही तेवढ्या त्या एकमेकींवर आपटून फुटतात.

बॅगेत जागा मधोमध. खाली, वर आणि चारी बाजूंना चार बोटं जाडीचे कपडे. चाकांकडच्या टोकाला टेकवू नका, बॅग बहुतेक वेळा त्याच अंगावर आपटते. जपायची वस्त्रं, पुस्तकं, कागद दुसऱ्या बॅगेत. आणि वजन काट्यावर बघा. मीठ असल्यामुळे आगळ पाण्यापेक्षा जड असतं, तीन लिटर म्हणजे बाटल्यांसकट साडेतीन किलोच्या आसपास धरा.

बॅग तपासणीत उघडली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक पिशवीत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा: कोकमाचं सरबत, घरगुती, दारू नाही. पिशव्या अशा बांधा की उघडणाऱ्याला परत तशाच बंद करता येतील.

काय नेऊ नये, तेही सांगते. सोलकढी, ताक, नीरा, उसाचा रस. हे वाटेतच आंबतात आणि आंबताना गॅस धरतात. सोलकढीसाठी आगळ न्या, नारळाचं दूध तिकडे मिळतं. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभतं आणायला बंदी आहे, म्हणून पीयूष आणि मसाला दूध नको. दुबईला जाणाऱ्यांनी थंडाईच्या मसाल्यावरची यादी वाचावी. तिच्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही तेच. हौसेने गोटी सोडा कुणी भरू नका. त्याची गोटी नुसत्या गॅसच्या जोरावर वरच्या रबराला चिकटून असते. बॅग आपटली, गोटी खाली बसली, की बाटली उघडी.

जावयांना फेणी लागते, तिचे नियम वेगळे. चोवीस टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल, म्हणजे बिअर किंवा नाशिकची वाइन, तर विमानाच्या सुरक्षेचा नियम आड येत नाही. चोवीस ते सत्तर टक्के असेल तर माणशी पाच लिटर, तेही दुकानातल्या सीलबंद बाटलीतच. सत्तरच्या वर अजिबात नाही. बाटलीतली फेणी साधारण ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे मधल्या गटात. गावच्या भट्टीवरची, प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेली चालत नाही. उतरल्यावर त्या देशाची करमुक्त मर्यादा निराळी: भारतातून आयर्लंडला जाताना अशी कडक दारू एक लिटर. आणि गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, त्यामुळे ती घेऊन मुंबईमार्गे निघायचा विचार करू नका.

पोचल्यावर बॅग आधी न्हाणीघरात उघडायची. बाटली उभी धरून, बेसिनवर, झाकण हळू सोडायचं. कपड्याला लागलंच तर लगेच गार पाण्याखाली धरून लिंबू चोळा. साबण आधी लावू नका, कोकमाचा लाल रंग साबणाने निळसर पडतो आणि मग डाग दुप्पट दिसतो.

रिकाम्या बाटल्या लेक धुऊन, झाकणं वेगळी करून पुढच्या मे महिन्यात परत आणते. बाटल्या मी पुन्हा वापरते. बुचं मात्र दर वर्षी नवी घेते.