मृगाच्या आधी तळघर: सोसायटीच्या संप पंपाची तयारी

पंपाची कोटेशनं मागवण्याआधी एक बादली पाणी घेऊन तळघरात उतरा आणि पार्किंगच्या मधोमध ओता. पाणी कुठे जातं ते उभं राहून बघा. नकाशात उतार संपकडे, म्हणजे पाणी गोळा करून पंपाने बाहेर फेकायच्या खड्ड्याकडे, दाखवलेला असतो, प्रत्यक्षात फरशी भलतीकडेच उतरलेली असते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पाणी खड्ड्याला वळसा घालून लिफ्टकडे जायचं आणि इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चार-पाच ठिकाणी अशी बादली ओता. पाणी जिथे साठतं तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा. नवीन खड्डा घ्यायचा तर तो तिथेच हवा. खड्डा आधीच असेल तर त्या गोलापासून खड्ड्यापर्यंत चर काढून वर जाळी टाकावी लागेल.

हे एप्रिलमध्येच करा. आपण वर्षानुवर्षं मृगाचा, म्हणजे ७-८ जूनचा हिशेब धरत आलो. पण २०२५ मध्ये मॉन्सून २६ मेलाच मुंबई-पुण्यात दाखल झाला आणि त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराजवळ पाणी अडवायला बांधलेली भिंत पडली होती. पाणी आत यायच्या वाटा आधी आणि पंप नंतर, हा क्रम मी तेव्हापासून धरला आहे.

या वाटा ओळखायची सोपी खूण आहे. पाऊस थांबल्यावर तासाभरात पाणी यायचं थांबत असेल, तर ते रॅम्पवरून किंवा हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून येतंय. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी भिंतीच्या पायथ्याशी ओल वाढत असेल, तर ते जमिनीतलं पाणी आहे. ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमीन भरली की जास्त त्रास देतं. आणि उन्हाळ्यातही खड्ड्यात पाणी येत असेल, त्याला साबणाचा किंवा घाण वास असेल, तर वरची ड्रेनेज लाइन फुटलेली आहे. ती आधी दुरुस्त करा. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर उंच उंबरठा हवा, गाड्यांचं पोट घासणार नाही असा पसरट. त्याच्या बाहेर एक जाळीचा चर आणि रॅम्प संपतो तिथे दुसरा. दोन्ही चरांतली माती, पानं, गुटख्याच्या पुड्या मे महिन्यात काढून घ्या आणि चरातून पाइप लावून पाणी सोडून ते पुढे जातंय याची खात्री करा. ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील, तर गळतीचं लेखी पत्र फोटोंसह बिल्डरला द्या. रेरा कायद्यानुसार या मुदतीत कळवलेला बांधकामातला दोष त्याने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पत्राची पोच जपून ठेवा.

नवीन खड्ड्यासाठी तळाचा स्लॅब फोडायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ब्रेकर लावू देऊ नका. बऱ्याच इमारतींचा तळघराचा मजला म्हणजेच पायाचा राफ्ट, इमारतीचा भार घेणारा सलग काँक्रीटचा थर, असतो. तो कॉलमजवळ फोडला तर नुकसान पाण्यापेक्षा मोठं होईल, आणि खालचं वॉटरप्रूफिंग फाटून नवीन झरा आपणच उघडू.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. तुमचा उघडा रॅम्प ५ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब असेल तर ६० चौरस मीटर. हवामान खातं ज्याला ढगफुटी म्हणतं तो तासाला १०० मिमीचा पाऊस धरा. तासाला ६,००० लिटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर. एवढा कशाला धरायचा असं कमिटीत कुणीतरी विचारेलच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता आणि आपण तयारी करतो ती अशाच दिवसासाठी. यात पाझराचं पाणी मिळवा. ते मोजायला गेल्या पावसाळ्यातल्या नोंदी नसतील तर या वर्षी करा. खड्डा १.२ मीटर बाय १.२ मीटर असेल, तर पातळी १ सेंटीमीटर वाढली म्हणजे साधारण १४ लिटर आत आले. पंप बंद ठेवून भिंतीवर खडूची रेघ मारायची, दहा मिनिटांनी दुसरी, मधलं अंतर मोजायचं.

पंप घेताना दुकानदार सगळ्यात आधी एचपी सांगतो. तुम्ही हेड विचारा. हेड म्हणजे खड्ड्याच्या तळापासून पाइप जिथे सर्वांत उंच जातो तिथपर्यंतची उंची आणि वर बेंड, व्हॉल्व्ह यांच्या घर्षणाचा थोडा भार. एकाच तळघराच्या इमारतीत हे बहुधा ६-७ मीटरच्या आसपास येतं. त्या हेडला मिनिटाला किती लिटर, हे कंपनीच्या तक्त्यात बघायचं. पाटीवर ठसठशीत लिहिलेला कमाल डिस्चार्ज हा जवळपास शून्य उंचीचा असतो. आणि टाकीवर पाणी चढवतो तो ओपनवेल पंप इथे घेऊ नका. तो स्वच्छ पाण्यासाठी असतो. वाळू आणि पानं आली की इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चक्र) अडकतो आणि मोटर जळते. गाळाचं पाणी ओढणारा ड्रेनेजचा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप हवा, बाजारात त्याला मडपंपही म्हणतात. पैसे कमी असतील तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. एक चालू, दुसरा पाणी आणखी चढलं तर आपोआप सुरू होणारा, आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. नुसता पडून राहिलेला पंप गरजेच्या दिवशी जाम झालेला निघतो.

दोन्ही पंपांना आपापला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि वर गेट व्हॉल्व्ह हवा, तोही खड्ड्याच्या बाहेर, हात पोचेल असा. नॉन रिटर्न नसेल तर पंप थांबताच पाइपातलं सगळं पाणी परत खड्ड्यात येतं, फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच, वर उचलला जातो, पंप पुन्हा सुरू होतो आणि हे रात्रभर चालतं. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपला, खड्ड्याच्या आतच, चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडायला सांगा. हवा अडकून पंप नुसता घुमत राहण्याचा प्रकार त्याने टळतो. त्या भोकातून पिचकारी उडताना बघून वॉचमन 'पाइप फुटला' म्हणून एमसील लावतो, म्हणून शेजारी तेलरंगाने 'हे भोक बुजवू नये' असं लिहून घ्या. फ्लोट स्विचची वायर पंपाच्या साखळीत गुंतत नाही ना, फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला घासत नाही ना, हे हाताने वर-खाली करून बघायचं. बंद होण्याची पातळी पंप पूर्ण उघडा पडणार नाही एवढी हवी, कारण सबमर्सिबलची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते.

आमच्यावर काय वेळ आली ते सांगते. एका जुलैमध्ये पहाटे अडीचला वॉचमनकाकांचा फोन आला, "मॅडम, पंप चालू हाय पन पानी हटंना." मी खाली गेले तर पाणी घोट्याच्या वर आलेलं. पंपाचा आवाज नेहमीसारखा, पॅनेलवर हिरवा दिवा, अँपिअरचा काटाही वर. बाहेर गटारापाशी जाऊन बघितलं तर अडीच इंची पाइपातून करंगळीएवढी धार. आम्ही गाळ समजून जाळी साफ केली, व्हॉल्व्ह उघडून बघितला, एक तास घालवला. सकाळी आलेल्या वायरमनने पाच मिनिटांत सांगितलं की पंप उलटा फिरतोय. उन्हाळ्यात स्टार्टर बदलताना तीनपैकी दोन फेजच्या वायरी अदलाबदल झाल्या होत्या. थ्री फेज पंप उलटा फिरला तरी आवाज करतो, करंट घेतो आणि थोडं पाणीही देतो, म्हणून तो चालू आहे असंच वाटत राहतं. तोवर सहा दुचाकींच्या इंजिनात पाणी गेलं होतं. तेव्हापासून वायरिंगला कुणाचाही हात लागला की त्याच दिवशी बाहेरची धार बघितल्याशिवाय आम्ही बिल देत नाही. फेज गेली किंवा उलटली तर मोटर चालूच होऊ न देणारा प्रिव्हेंटर पॅनेलमध्ये बसवून घेतला आहे, तुम्हीही घ्या.

पाणी कुठे सोडायचं हे आधी ठरवा. जवळ पडतं म्हणून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. जोराच्या पावसात ती लाइन तुंबलेली असते आणि तुमचं पाणी तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी संडासातून वर येतं. ते पावसाळी गटारातच गेलं पाहिजे. पाइप आधी रस्त्यावर पाणी चढतं त्या पातळीच्या वर न्यायचा आणि मग खाली वळवायचा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी उलट आत येणार नाही. तोंड कुठल्याही परिस्थितीत दिसेल असं ठेवा.

विजेचा भाग मात्र सावकाश वाचा, कारण पाण्याने गाडी जाते, विजेने माणूस जातो. पंपाची गरज लागते नेमकी त्याच वेळी वीज गेलेली असते. पाणी शिरलेल्या भागातला पुरवठा वीज कंपनी स्वतःहूनही बंद करते, आणि ते बरोबरच आहे. जनरेटर असेल तर पंपाची लाइन त्याच्यावर आहे का, हे मेन स्विच पाडून बघा. आमच्याकडे जनरेटरवर लिफ्ट होती, जिन्यातले दिवे होते, पंप नव्हता. डिझेल किती तास पुरेल ते लिहून ठेवा. पॅनेल तळघराच्या भिंतीवर असेल तर ते तळमजल्यावर हलवा. हा खर्च कमिटीला नको वाटतो, तरीही आग्रह धरा. लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि पंपापासून पॅनेलपर्यंत अखंड केबल, खड्ड्यात टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. तळघरातले इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर एकाच स्विचने बंद होतील अशी सोय करून घ्या. पाणी वाढायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, कारण सगळ्यात आधी भरतो तो लिफ्टचा खड्डा. जनरेटर नसेल आणि पेट्रोलचा पंप आणणार असाल, तर इंजिन वर उघड्यावर ठेवा. तळघरात त्याचा धूर जीवघेणा आहे. आणि वरून ओढायची खोली सात मीटरच्या आत असेल तरच तो पाणी उचलेल.

तळघरात कुणी झोपतं का, हे स्वतः रात्री जाऊन बघा. वॉचमनचं कुटुंब, रंगकामाचे मजूर, कुणाचा तरी ड्रायव्हर. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी भरून ३ विद्यार्थी गेले. पाणी शिरायला लागल्यावर त्यांना वर यायला वेळच मिळाला नाही. आपल्या इमारतीत तळघरात झोपणाऱ्या प्रत्येकाची वर सोय करणं हे कमिटीचं काम आहे आणि ते पंप बसवण्याआधी झालं पाहिजे. खड्डा साफ करायलाही माणूस आत उतरवू नका. बंद खड्ड्यात, विशेषतः ड्रेनेजचं पाणी पाझरत असेल तिथे, विषारी वायू साठतो. पंप साखळीने वर ओढता येईल असा बसवा आणि गाळ वरूनच काढा.

चाचणीला लागणारं पाणी मे महिन्यात कुठून आणायचं? जमिनीखालची टाकी धुण्याचा दिवस त्यासाठी राखून ठेवा. तसंही ते तळाचं पाणी फेकायचंच असतं. ते तळघराच्या खड्ड्यात सोडा आणि फ्लोटने पंप आपोआप सुरू होतो का, किती मिनिटांत पातळी खाली जाते, बंद होतो का, परत पाणी येतं का, हे घड्याळ लावून बघा. मग पहिला पंप बंद ठेवून दुसरा बघा. मग मेन पाडून जनरेटरवर बघा. त्या वेळी रात्रपाळीचा वॉचमन हजर हवाच, आणि हाताने पंप कसा सुरू करायचा हे त्याने आपल्यासमोर दोनदा करून दाखवायला हवं. जास्तीचा फ्लोट, कॉन्टॅक्टरची (पॅनेलमधल्या, पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल, सिंगल फेज पंप असेल तर कपॅसिटर आणि रेतीच्या वीस-पंचवीस गोण्या ऑफिसात ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की हे सामान दुकानात मिळत नाही.

पॅनेलच्या दारावर आतून एक कागद चिकटवा. वायरमन, प्लंबर, कमिटीतले दोघं आणि वीज कंपनीच्या तक्रार केंद्राचा नंबर, खाली मोठ्या अक्षरात 'मेन बंद केल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नये'. शेजारी खिळ्याला एक वही, तिला दोरीने बांधलेलं पेन. रोज रात्री दहाला खड्ड्यातली पातळी आणि त्या दिवशी कोणता पंप चालला एवढंच त्यात लिहायचं. आमच्या वॉचमनकाकांनी तीन पावसाळ्यांची पानं भरली आहेत, आणि या वर्षी खड्डा किती खोल करायचा ते आम्ही त्यातूनच ठरवलं.