राक्षस दिसणार कधी? फाउंड फुटेज सिनेमा घरच्या मंडळींना दाखवताना

पात्रांच्याच हातातल्या कॅमेऱ्यावर सगळं टिपलं गेलंय आणि ती टेप नंतर कुणाला तरी सापडली, अशी बतावणी करणारा सिनेमा म्हणजे फाउंड फुटेज. एकट्याने बघायला सोपा, पण दहा जणांना हॉलमध्ये बसवून दाखवायचा म्हणजे कसरत. अर्ध्या तासात एकीला मळमळतं, कुणीतरी विचारतं, "अरे, तो कॅमेरा खाली का ठेवत नाही?" आणि शेवटी एक आवाज येतोच, "हे काय, संपला?" आमच्या डोंबिवलीच्या घरात सासूबाईंपासून भाचरांपर्यंत सगळ्यांना हे सिनेमे दाखवण्याची हौस माझी. त्यातून झालेलं माझं ठाम मत असं, की राक्षस कमी दिसला तर लोक तेही चालवून घेतात, कबूल केलेलं मिळालं नाही की मात्र बिनसतं. म्हणून आपण काय सांगून त्यांना बसवतो, यालाच महत्त्व.

सुरुवात 'ट्रोलहंटर'ने करा. नॉर्वेचा सिनेमा, २०१० सालचा, दिग्दर्शक आंद्रे ओव्रदाल. अस्वलांच्या चोरट्या शिकारीवर माहितीपट करायला निघालेली कॉलेजची पोरं हान्स नावाच्या एका तुसड्या माणसाच्या मागे लागतात. हा हान्स सरकारी नोकरीत ट्रोल, म्हणजे नॉर्वेच्या लोककथांतले अजस्र राक्षस, मारतो. रात्रपाळीचा भत्ता नाही, ओव्हरटाइम नाही, आणि ट्रोल मारून आला की बसून फॉर्म भरायचा! आमच्याकडे हशा सगळ्यात मोठा तिथेच. ट्रोलांना डोंगरात कोंडून ठेवायला हायटेन्शन लाइनचं रिंगण केलेलं असतं, वीज मंडळातून निवृत्त झालेले सासरे त्यावर अजून बोलतात. हान्सचं काम केलंय ओट्टो येस्पर्सन या तिथल्या नावाजलेल्या विनोदी कलाकाराने, पण चेहऱ्यावर हसू म्हणून नाही.

नवख्या प्रेक्षकांना हा सिनेमा मानवतो कारण इथे राक्षस दाखवण्यात कंजुषी नाही. पहिलाच ट्रोल तीन डोक्यांचा, आणि तो चांगला दिसतो. अतिनील प्रकाश पडला की ट्रोल दगड का होतो, याचं शास्त्रीय थाटाचं कारणही देतात. शेवटी नॉर्वेचे तेव्हाचे खरे पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग ट्रोलबद्दल बोलताना दिसतात. खरं तर ते बोलत होते 'ट्रोल' नावाच्या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्राबद्दल, सिनेमावाल्यांनी तेवढाच तुकडा उचलला. ही गंमत आधी फोडू नका.

आता बसण्याची व्यवस्था, आणि यात हयगय नको. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण सोफ्यावर आहोत. या भांडणातून मळमळ होते. पडदा नजरेत जितका मोठा, तितका त्रास जास्त. तेव्हा खुर्च्या भिंतीला लावा, टीव्हीसमोर सतरंजी अंथरून मुलांना बसवायची सवय त्या दिवशी मोडा. पूर्ण अंधार करू नका, मागच्या बाजूला एक दिवा असू दे. टीव्हीच्या सेटिंगमधलं हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद करा, त्याने सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं आणि सापडलेल्या टेपचा खडबडीतपणा जातो. जेवण सिनेमानंतर. आलेपाकाच्या वड्या वाटीत घालून मधे ठेवा, आमच्याकडे त्यांचा उपयोग होतो. कुणाला गरगरलंच तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगा, नाहीतर सरळ डोळे मिटून ऐकू दे. नुसता ऐकला तर हा प्रकार जास्तच घाबरवतो. 'ट्रोलहंटर'ला सबटायटल वाचावी लागतात, त्यामुळे कमी दिसणाऱ्यांना मधली खुर्ची द्या.

हे जमलं की मग 'क्लोव्हरफील्ड'. दिग्दर्शक मॅट रीव्हज, निर्माता जे. जे. एब्रम्स. जुलै २००७मध्ये अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या आधी याची झलक दाखवली होती. न्यूयॉर्कमधली पार्टी, दूर स्फोट, आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं डोकं गल्लीत येऊन आदळतं. सिनेमाचं नावच नाही, नुसती तारीख, १८ जानेवारी २००८. सहा महिने लोकांनी तर्क लढवले. प्रदर्शित झाल्यावर पहिल्या तीन दिवसांतच ४ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमला, सिनेमाचा खर्च साधारण अडीच कोटी. पण बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी श्रेणी दिली 'सी', म्हणजे बेताचीच, आणि पुढच्या आठवड्याअखेरीस कमाई दोन तृतीयांशाहून जास्त घसरली. काही थिएटरांनी चक्कर येऊ शकेल अशा पाट्या लावल्या. लोक आले होते राक्षस बघायला, वाट्याला आला हड नावाच्या बडबड्या पोराचा धापा टाकणारा कॅमेरा.

म्हणून मी सिनेमा लावण्याआधी सरळ सांगते, "यात राक्षस येतो तेव्हा खाली रस्त्यावर सापडलेल्या मित्रमंडळींची एक रात्र आहे. तो कुठून आला ते कळणार नाही. पहिला बराच वेळ पार्टीच आहे, तेव्हा कोण कुणाचं कोण ते बघून ठेवा." एवढं ऐकलं की तेच लोक तक्रार न करता बसतात. मधूनच जुन्या दिवसाचे तुकडे दिसतात, कारण नायक रॉब आणि त्याची मैत्रीण बेथ यांच्या एप्रिलमधल्या सहलीच्या टेपवरच ही रात्र रेकॉर्ड झालीय. हे सासूबाईंना समजावताना मी म्हटलं, आपल्या लग्नाच्या कॅसेटवर भावजींनी मॅच टेप केली होती तसं. त्यांना लगेच कळलं, आणि कॅसेटचं दुःख पुन्हा वर आलं ते वेगळंच.

धुळीने माखलेली माणसं आणि कोसळत्या इमारती बघून मोठ्यांना ११ सप्टेंबर २००१ आठवतं. तेव्हा काही समीक्षकांना ते खटकलंही होतं. लहान मुलं विचारतील, उत्तर तयार ठेवा.

सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे काय आहे ते गडगडाट, हाका, आणि मधली शांतता. त्यामुळे पंख्याचा खडखडाट आणि कुकरच्या शिट्ट्या इथे चालत नाहीत. संगीत येतं ते थेट श्रेयनामावलीत, मायकल जियाकिनोचं, आणि जुन्या जपानी राक्षसपटांना सलाम ठोकणारं. रिमोट स्वतःकडे ठेवा, कारण नावं संपल्यावर एक तुटक कुजबुज ऐकू येते. आणि अगदी शेवटच्या दृश्यात, कोनी आयलंडला पाळण्यात बसून काढलेल्या तुकड्यात, मागे समुद्रात काहीतरी पडतं. सांगू नका. ज्याला दिसेल तो ओरडेल, मग सगळे मागे घ्यायला लावतील, आणि ती पाच मिनिटं बहुतेक वेळा सिनेमापेक्षा रंगतात.

'ब्लेअर विच' (१९९९) मी सगळ्यांना दाखवत नाही. चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही. तेव्हाच्या प्रेक्षकांपैकी कित्येकांना चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात गेलेली त्यातली मुलं खरोखर बेपत्ता आहेत असं वाटलं होतं, कारण वेबसाइट आणि 'हरवले आहेत'ची पत्रकं तशीच होती. आज तो आधार नाही. लावायचाच तर सुरुवातीच्या गावकऱ्यांच्या मुलाखतींत कुणालाही बोलू देऊ नका. शेवटच्या दृश्याचा अर्थ तिथे एका वाक्यात येऊन जातो. त्या वेळी चिवडा फिरत असेल तर शेवटी "म्हणजे काय झालं?" ठरलेलं.

राहिला कॅमेरा खाली ठेवण्याचा प्रश्न. यावर वाद घालू नका, सिनेमा निवडतानाच तो सोडवा. कॅमेरा धरणाऱ्याकडे कारण असेल तर प्रेक्षक हा प्रश्न विसरतो. २००७चा स्पॅनिश 'रेक' त्यात पक्का आहे. बार्सिलोनातल्या एका इमारतीत अग्निशमन दलाबरोबर शिरलेली टीव्हीची निवेदिका आणि तिचा कॅमेरामन आत अडकतात. शूटिंग हेच त्यांचं काम, आणि पुढे तर कॅमेऱ्याचा दिवाच त्यांचा उजेड. निवेदिका झालेली मान्युएला व्हेलास्को प्रत्यक्षातही टीव्हीवर सूत्रसंचालन करायची. हडचं कारण त्यामानाने लंगडं, लोकांना हे बघायचं असेल म्हणून तो शूट करत राहतो.

'रेक' मात्र मुलं झोपल्यावर. त्यातली शेवटची दहा मिनिटं किंचाळ्यांची आहेत, तेव्हा आवाज आधीच बेताचा करा आणि दहाच्या आत आटोपेल असं बघा. आमच्या खालच्या मजल्यावरून फोन येतो.