वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसासाठी वाकळ शिवताय? या चुका टाळा

माझी आत्या मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. तिथल्या तिच्या पहिल्या थंडीत मी हौसेनं वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवून नेली. आईची दोन नऊवारी लुगडी, माझ्या दोन सुती साड्या आणि मधे एक जुनी चादर. पंधरा दिवसांनी गेले तर वाकळ पायथ्याशी, घडी न मोडलेली. "रातीचं उठायचं म्हटलं की आधी हिला उठवाय लागतंय बघ," आत्या म्हणाली. परत आणून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. साडेतीन किलो भरली!

वजन ही पहिली चूक आणि सगळ्यात मोठीही. घरी जड वाकळ सुखाची वाटते, कारण उठताना आपण ती लाथेनं बाजूला सारतो. गुडघे धरलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि लघवीला वेळेत उठता आलं नाही की पुढचं सगळं बिघडतं. आश्रमातली कॉट साधारण तीन फुटी असते, तिला साडेसहा बाय साडेचार फुटांची वाकळ पुष्कळ झाली. त्याहून मोठी केलीत तर कडा जमिनीवर लोळते आणि उतरताना पाय अडकतो. एका सुती नऊवारीत या मापाचे तीन पदर, म्हणजे थर, निघतात. वर मऊ साडीचा एक पदर घाला आणि थांबा. सव्वा किलोच्या आसपास बसते. थंडी जास्त असेल तर अशा दोन हलक्या द्या. एक धुवायला गेली की दुसरी अंगावर राहते. जड वाकळ आधीच शिवून झाली असेल तर उसवा. माझ्या साडेतीन किलोतून दोन निघाल्या, वर पायपुसण्यापुरतं कापड उरलं.

दुसरी चूक कपाटातल्या साड्यांची. वापरल्या जात नाहीत म्हणून आपण नायलॉन, जॉर्जेट, शिफॉन वाकळीत घालतो. ते कापड घाम टिपत नाही, अंगावरून घसरतं आणि धावदोऱ्याखाली सरकून चुण्या पाडतं. सुतीच घ्या. इरकलीचा काठ घालायचा मोह होतो, जरूर घाला, पण पायाच्या बाजूला. जर, टिकल्या, कडक भरतकाम तोंडाजवळ नको. म्हातारपणी कातडी इतकी पातळ होते की साध्या घासण्यानंही सोलते. दोऱ्याच्या गाठीसुद्धा आतल्या पदरात दडवा.

कापड तपासून घ्या. उजेडासमोर धरा, दोन अंगठ्यांनी ताणा. चरचर आवाज आला तर ते लुगडं कितीही लाडकं असो, आतल्या पदराला ठेवा. अशा विरलेल्या कापडावर नायलॉनचा दोरा वापरू नका, तो कापड कापत जातो. सुती दोरा दुहेरी घ्या. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. लांब टाक्यांत बोटं आणि बांगड्या अडकतात.

मधे फुगा येतो ही तक्रार बहुतेक सगळ्यांची. आपल्याकडं कडेपासून आत फेरे घालत शिवायची रीत आहे, त्यामुळं ढिलं कापड सरकत मध्यावर गोळा होतं. फरशीवर सगळे पदर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर तांबे ठेवा, आधी मधून बाहेर कच्चे टाके घाला, मग कडेनं सुरुवात करा. फुगा आलाच तर शेवटचे चार फेरे उसवावे लागतात, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता धुण्याचं. घरची वाकळ वर्षातून एकदा नदीला जायची. आश्रमातली आठवड्याला मशीनमध्ये फिरते, तीही दहाजणांच्या कपड्यांबरोबर. म्हणून शिवण्याआधी सगळं कापड एकदा गरम पाण्यातून काढा. आटायचं ते आटू द्या. गडद तुकड्यावर ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला तर तो तुकडा बाजूला. मिठाच्या पाण्यात बुडवून आजकालचे रंग पक्के होतात यावर माझा विश्वास उडालाय. रंग पसरलाच तर वाकळ वाळू देऊ नका, ओली असतानाच पुन्हा गार पाण्यात साबण लावून धुवा. लघवीचा वास असेल तर आधी नुसत्या पाण्यात भिजवून पिळा. त्यावर थेट ब्लीच ओतलं तर घातक वाफ निघते. पावसाळ्यात वाकळ वाळत नाही हे साताऱ्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. चारच पदर असतील तर पंख्याखालीही दोन दिवसांत वाळते.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल आणि खाली हवेची गादी असेल, तर वाकळ फक्त पांघरायला. गादीवर जाड वाकळ अंथरली की गादीचा उपयोगच कमी होतो आणि पाठीला जखमा व्हायची भीती वाढते. विस्मरणाचा आजार असेल तर काळे मोठे ठिगळ किंवा किड्यासारखी नक्षी टाळा. काळा चौकोन काहींना खड्डा वाटतो. व्हीलचेअरसाठी तीन फुटी चौकोन वेगळा शिवा, चाकात जाणार नाही असा.

आणि नाव. पेननं लिहिलेलं दोन धुण्यांत जातं. कॉटचा नंबरही घालू नका, कॉट बदलतात. मी कोपऱ्यात पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्यानं नाव भरलं, तर आत्या रागावली: "नाव कशाला गं, तुझ्या आईच्या लुगड्याचा काठ मी अंधारातबी वळखीन." तिला ओळखायची नव्हतीच. ओळखायची होती कपडे धुणाऱ्या मुलीला.