जुन्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा बसवताय? या चुका टाळा

वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४४ च्या वर गेला, की ॲम्बेसेडर-पद्मिनीवाले रेडिएटरमागचा बेल्टचा पंखा काढून मारुती ८०० चा जुना इलेक्ट्रिक पंखा शोधत भंगारबाजार पालथा घालतात. गाडीवर बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो आहे की नंतरचा अल्टरनेटर, हे बघायला मात्र सवड नसते.

लुकासचा जुना डायनामो भरधाव फिरला तरी २२ ॲम्पिअरच्या आसपास देतो. आता हिशेब मांडा: पंखा १०, हेडलाइट साडेसात, इग्निशन कॉइल ४, बाकी दिवे २. म्हणजे साडेतेवीस. आणि हे गाडी पळत असताना. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नात नवरदेवाची ॲम्बेसेडर वरातीत तासभर रांगते तेव्हा काय होतं? आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं मंद चालू असताना, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो, पंखा आणि हेडलाइट दोन्ही बॅटरी पितात. मांडवापाशी इंजिन बंद केलं की पुढच्या वेळी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. वऱ्हाडी गाडी ढकलतात, मालक नवी बॅटरी आणतो, पुढच्या लग्नात तेच.

म्हणून डायनामो असेल तर बेल्टचाच पंखा ठेवा. त्याची बदनामी बहुतेकदा श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं कडं, हरवल्यामुळे होते. श्राउड नसलं की पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो. पत्र्याचं बनवून घ्या: पाती निम्मी आत, कडेनं इंचभर मोकळं. इंजिन माउंटिंगवर हलतं, एवढी जागा लागतेच. बेल्ट अंगठ्यानं दाबला तर साधारण १२ मिलिमीटर दबावा. कन्नड घाटात दुसऱ्या गियरवर इंजिन जोरात फिरतं, तिथे हा पंखा पुरून उरतो.

अल्टरनेटर असेल तर खुशाल इलेक्ट्रिक बसवा. आधी आयडलवर हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या खाली गेलं तर थांबा.

वायर इग्निशन स्विचवरून ओढू नका. सुरू होताना मोटर दुप्पट-तिप्पट करंट खेचते, जुन्या स्विचचे पॉइंट जळतात. रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा. घाईत फ्यूज ‘नंतर लावू’ म्हणणाऱ्यांचं हार्नेस (वायरींचा जुडगा) वितळलं, तर नवल नाही.

पंखा उलटा फिरतोय का ते बघा. पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीत हे हमखास होतं. रेडिएटरसमोर कागद धरा, तो चिकटला पाहिजे.

रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका, नळ्या घासून गळतात.

इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून फेकू नका.

आणि ६० च्या वेगानं जातानाही तापमानाचा काटा चढत असेल तर पंख्याचा काही संबंध नाही. त्या वेगात समोरचा वाराच पुरतो. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार धरलाय, नाहीतर जिनिंगच्या रस्त्यावरचा कापूस जाळीत अडकलाय. पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूनं मारा, तोही हलका. समोरून मारला की पुंजका आणखी आत बसतो.