पत्ता प्रिन्स्टनचा, शाळा भलतीच

दर उन्हाळ्यात मध्य न्यू जर्सीत घर शोधणारं एखादं तरी मराठी जोडपं आमच्याकडे जेवायला येतं. जोडपं बदलतं, प्रश्न तोच: "वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो की साउथ ब्रन्सविक?" मग माझं कीर्तन सुरू होतं आणि बायको ताटं उचलायला लागते. या वेळी लिहूनच काढतो.

सगळ्यात आधी, पत्त्यावर भाळू नका. पोस्टाला टाउनच्या हद्दीशी काही देणंघेणं नसतं. झिप कोड ०८५४०, गाव प्रिन्स्टन असा झोकदार पत्ता असलेलं घर प्रत्यक्षात लॉरेन्स, मॉन्टगोमेरी, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये निघू शकतं, आणि मुलं जातात ती त्या टाउनच्या शाळेत. उलट प्रिन्स्टन जंक्शन हे प्रिन्स्टनमध्ये नाहीच, ते वेस्ट विंडसरमध्ये. मॉनमथ जंक्शन, केंडॉल पार्क, डेटन ही तीन वेगळी गावं वाटतात. तिन्ही साउथ ब्रन्सविकच.

रूट २७ वर एकदा मुद्दाम जाऊन या. रस्त्याच्या एका अंगाला केंडॉल पार्क, म्हणजे मिडलसेक्स काउंटी. समोरच्या अंगाला फ्रँकलिन पार्क, म्हणजे फ्रँकलिन टाउनशिप, सॉमरसेट काउंटी. मधे एक रस्ता, पण कर वेगळा, शाळा वेगळ्या. किराणा तेवढा दोन्हीकडचे एकाच दुकानातून भरतात.

एका टाउनच्या आतसुद्धा रेघा असतात. एडिसनमध्ये दोन हायस्कूलं आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स, आणि कोणत्या हायस्कूलच्या भागात घर आहे यावरून किमतीत फरक पडतो. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरोचा स्कूल डिस्ट्रिक्ट एकच, पण हायस्कूलं नॉर्थ आणि साउथ अशी दोन. म्हणून डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला घरनंबर सांगून विचारा. लिस्टिंगवर छापलेली शाळा धरून चालू नका, एजंटच्या "बहुतेक हीच"वर तर मुळीच नको.

एजंटवरून आठवलं. "तिकडे आपले लोक किती आहेत हो?" असं त्याला विचारू नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे तो उत्तर देत नाही, आणि आपले लोक मग "एजंट आखडू होता" म्हणतात. शनिवारी सकाळी त्या टाउनच्या लायब्ररीत तासभर बसा, सगळं कळतं.

आता टॅक्स. इथे मी हात पोळून घेतले आहेत, तेव्हा जरा सविस्तर.

आम्ही नवं बांधकाम घेतलं. जूनमध्ये क्लोजिंग झालं, म्हणजे घर नावावर झालं. बिल्डरने दाखवलेला प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १,८०० डॉलर. न्यू जर्सीत १,८००! देशात सगळ्यात जास्त प्रॉपर्टी टॅक्स भरणारं हे राज्य, आणि माझ्या डोक्यात शंकेची पाल चुकचुकली नाही. बँकेनेही त्याच आकड्यावर एस्क्रो बसवला, म्हणजे टॅक्ससाठी हप्त्यातून दरमहा बाजूला काढायची रक्कम. मित्रांना मी फुशारकीने हप्ता सांगत फिरलो. ऑक्टोबरमध्ये टाउनशिपचं पाकीट आलं. वर 'अ‍ॅडेड असेसमेंट', आत ४,६०० डॉलर, मुदत १ नोव्हेंबर. मला वाटलं, पाकीट शेजाऱ्याचं आहे. त्याच्याकडे घेऊन गेलो, तर तो स्वतःचं तसलंच पाकीट हातात धरून पायरीवर बसलेला.

झालं होतं असं, की ते १,८०० नुसत्या जमिनीचे होते. घर पुरं झाल्यावर टाउनशिप घराची किंमत धरते आणि उरलेल्या महिन्यांचा फरक वेगळ्या बिलाने मागते. पूर्ण वर्षाचा खरा टॅक्स निघाला ११,०००. पुढे बँकेने एस्क्रोचा हिशेब नव्याने मांडला आणि हप्ता महिन्याला पावणेआठशेने वाढला. त्या दिवाळीला भारतात जायचं होतं, ते राहिलं.

म्हणून नवं घर असो वा जुनं, चालू बिल बघून खूश होऊ नका. जमीन किती आणि घर किती, हे बिलावर वेगळं लिहिलेलं असतं. घराच्या रकान्यात शून्य किंवा किरकोळ आकडा असेल तर पाकीट यायचंच आहे. जुन्या घराचा टॅक्स शून्य दिसला तरी हुरळू नका. आधीचा मालक पूर्ण अपंगत्व आलेला माजी सैनिक असेल तर ती माफी त्याची, तुमची नाही. आणि दोन टाउनचे नुसते दर शेजारी ठेवून तुलना करू नका. एका टाउनने घरांचं मूल्यांकन अलीकडे केलेलं असतं, दुसऱ्याने कित्येक वर्षांपूर्वी. जुन्या, कमी मूल्यांकनावर दर मोठा दिसणारच. वर्षाचं बिल भागिले घराचा आजचा बाजारभाव, एवढंच गणित करा.

शाळांचं रेटिंग हा आपल्या लोकांचा गणपती, त्याच्यापुढे बाकी काही दिसत नाही. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत मुलांवरचा अभ्यासाचा ताण कमी करायचं ठरलं, तेव्हा पालकांत उघड दोन तट पडले होते. आपण कोणत्या तटात बसू याचा विचार घर घेण्याआधी नवरा-बायकोने करावा. नऊ रेटिंगच्या शाळेत रमणारं मूल दहाच्या शाळेत कोमेजलेलं मी पाहिलंय.

मॅनहॅटनला रोज जाणार असाल तर साउथ ब्रन्सविक आणि प्लेन्सबरोला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, हे लक्षात घ्या. रविवारी दुपारी गाडीने स्टेशन दहा मिनिटांवर वाटतं. मंगळवारी सकाळी साडेसातला जाऊन बघा. साउथ ब्रन्सविकच्या पूर्व अंगाला, टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या एक्झिट ८ए कडे गोदामंच गोदामं आहेत. तिथले ट्रकही त्याच फेरीत मोजून घ्या.

स्वस्त घर दिसलं तर आधी नदी कुठे आहे ते बघा. मॅनव्हिल हे गाव रॅरिटन आणि मिलस्टोन या नद्यांच्या संगमाशी आहे. १९९९ मध्ये फ्लॉइड, २०११ मध्ये आयरीन, २०२१ मध्ये आयडा अशी वादळं आली, तिन्ही वेळा पाणी घरांत शिरलं. मार्च २०२४ पासून विक्रेत्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते. ती वाचा. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही.

जुनं घर असेल तर अंगणात पुरलेली तेलाची टाकी शोधणारी तपासणी वेगळी करून घ्या, नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ती धरलेली नसते. गळकी टाकी निघाली तर माती उपसायचा खर्च मालकाच्या बोडक्यावर. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या घातक वायूची चाचणीही करा.

स्कूलबसची हमी कायद्याने आठवीपर्यंत घरापासून शाळा दोन मैलांच्या पुढे असेल तर, हायस्कूलला अडीच मैलांच्या पुढे. त्याच्या आत टाउनची मर्जी.

एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्या की वकिलाला तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात करार मोडता येतो. त्या तीन दिवसांत टाउनशिपच्या टॅक्स असेसरला, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, स्वतः फोन करा. सकाळी करा, शुक्रवारी दुपारी कोणी उचलत नाही.